सू सांगायला शिकलेलं पोरगं दिवसा परत चड्डी ओली करतंय? आधी पोट बघा, मग घड्याळ

अडीच-तीन वर्षांचं असताना पोरगं छान सांगायला लागतं, डायपर सुटतो, घरात सगळे निवांत होतात, आणि मग अंगणवाडीत नाहीतर केजीत जायला लागलं की अचानक रोज दुपारी चड्डी ओली. कधी नुसता डाग, कधी पार पँट, मोजे, बूट सगळं भिजलेलं. घरात लगेच दोन सल्ले येतात. आजी म्हणते, "पोर शे, व्हई जाई बराबर." काका म्हणतो दोन फटके द्या, आळस निघून जाईल. आजीचं बरंचसं बरोबर आहे, काकाचं अजिबात नाही. ज्यांच्या घरी हे नुकतंच सुरू झालंय आणि काय करावं कळत नाहीये त्या आईबापांसाठी हे लिहितेय, सगळं ओळीने करून बघा, मधली पायरी गाळू नका.

आधी वयाचं समजून घ्या

बहुतेक मुलं चार वर्षांपर्यंत दिवसा कोरडी राहायला लागतात, पण अधूनमधून ओलं होणं त्यानंतरही चालू राहतं, आणि पाच वर्षांपर्यंत डॉक्टर याला आजार म्हणत नाहीत. पाच पूर्ण झाल्यावरही महिन्यातून बऱ्याचदा होत असेल, किंवा सहा महिने व्यवस्थित कोरडं राहून मग परत सुरू झालं असेल, तर मात्र नीट लक्ष घालायचं.

आणि एक गोष्ट पक्की डोक्यात ठेवा की पोरगं हे मुद्दाम करत नाही. पाच वर्षांच्या मुलाच्या लघवीच्या पिशवीत साधारण 180 मिली मावतं, म्हणजे एक छोटा ग्लास, बस. ती भरली की मेंदूला निरोप जातो, पण खेळात, मोबाईलवर किंवा मैत्रिणीशी भांडणात गुंतलेल्या पोराला तो निरोप उशिरा कळतो किंवा कळूनही ते थांबवून धरतं, आणि रोज रोज धरून ठेवलं की पिशवीचे स्नायू बिघडतात, मग एकतर ते थोड्याशा लघवीलाही एकदम आवळतात नाहीतर सुस्त होऊन पूर्ण रिकामेच करत नाहीत. दोन्हीत चड्डी ओलीच होते.

धरून ठेवणं कसं ओळखायचं? माझी भाची धुळ्याला असते, ती टीव्हीसमोर चटईवर बसलेली असायची, एक पाय दुमडून टाच बरोबर खाली दाबलेली, हळूहळू मागेपुढे हलतेय, चेहरा लाल, डोळे मात्र स्क्रीनवर. लागली का विचारलं तर लगेच "नाही". आणि दोन मिनिटांत चटईवर डाग. ती खोटं बोलत नव्हती हो, तिचं शरीर लघवी धरायला टाचेने दाबत होतं आणि तिचं तिलाच लक्षात येत नव्हतं. पायात पाय अडकवणं, एका पायावर नाचणं, पुढे हाताने दाबून धरणं, एकदम उकिडवं बसणं, हे दिसलं की समजायचं वेळ झालीय, आणि रागावायचं नाही, सरळ उचलून मोरीत किंवा संडासात न्यायचं.

पहिली पायरी: तीन दिवस फक्त लिहा

उपाय लगेच सुरू करू नका. भिंतीवर जे कॅलेंडर असेल त्यावर नाहीतर वहीच्या पानावर तीन दिवस लिहा, त्यात एक दिवस सुट्टीचा हवा. सू किती वाजता केली, ओलं किती वाजता झालं, नुसता डाग की चड्डी की पँटसुद्धा, पाणी, दूध, चहा काय किती प्यायलं, आणि शी झाली का, कशी झाली. हे शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं आणि नेमकं हेच लिहायचं राहतं.

लिहिलं की चित्र दिसायला लागतं. शाळेतून येताना दारातच होतंय म्हणजे शाळेत दिवसभर जातच नाहीये. मुलगी सू करून आली आणि पाच-दहा मिनिटांनी थोडासा डाग पडतो, तर बसण्याच्या पद्धतीत गडबड आहे, त्याचं पुढे सांगते. एकदम "आली आली" करत धावते आणि थोडी थोडीच होते, दिवसातून खूपदा, तर पिशवी जास्त चिडलेली असेल किंवा लघवीत इन्फेक्शन असेल. फक्त खळखळून हसताना सगळी सुटते, ते वेगळंच प्रकरण आहे, त्यात बऱ्याच मुलांचं वय वाढलं की कमी होतं. आणि दिवसभर कधीच कोरडं नसतं, सारखं झिरपतं, तर कॅलेंडर बाजूला ठेवा आणि सरळ डॉक्टरकडे जा.

दुसरी पायरी: शीचं बघा, इथेच बहुतेकांचं चुकतं

लोक म्हणतात लघवीचा त्रास आहे तर शीचं काय विचारता. पण गुदाशय, म्हणजे शी साठते तो आतड्याचा शेवटचा भाग, आणि लघवीची पिशवी अगदी चिकटून असतात. एसटीच्या दोघांच्या सीटवर शेजारचा माणूस पसरून बसला की आपल्याला जागा उरत नाही, तसं आत शी साचून राहिली की पिशवीला फुगायला जागा मिळत नाही, थोडं भरलं की दाब येतो, आणि काही वेळा पूर्ण रिकामी पण होत नाही. म्हणून बद्धकोष्ठता सुटली की कितीतरी मुलांची चड्डी दुसरं काहीच न करता कोरडी व्हायला लागते.

पोरगं रोज जातं म्हणून पोट साफ आहे असं धरून चालू नका. रोज सुपारीएवढा कडक खडा टाकून येणारं पोरगंसुद्धा बद्धकोष्ठतेचंच. आठवड्यात तीनपेक्षा कमी वेळा होणं, खूप जाड किंवा कोरडी होणं, कुंथताना रडणं, दाराआड जाऊन पाय आवळून उभं राहणं ही लक्षणं. अजून एक फसवणारी खूण म्हणजे चड्डीला सारखी पातळ शी लागते. घरच्यांना वाटतं जुलाब झाले, पण आत कडक शी अडकलेली असते आणि तिच्या बाजूने पातळ गळत असते. अशा पोराला जुलाब थांबवायचं औषध दिलं की अजून वाईट होतं.

खायचं म्हणाल तर आपल्याकडे खानदेशात काही कमी नाही. ज्वारीची भाकरी, कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी, त्याच्यासोबत कमी तिखट भरीत, मुगाची उसळ, मेथी-पालक, पपई, पेरू, रात्री भिजवलेले काळे मनुके. आता प्रॉब्लेम असा झालाय की डब्यात बिस्किट, चिप्स, मॅगी आणि घरी मैद्याचा टोस्ट, आणि वरून जेवत नाही म्हणून दिवसातून चार वेळा दूध. दूध जास्त झालं की भूकही मरते आणि पोटही जड होतं, या वयाला दिवसाला अर्धा लिटरच्या वर नकोच. केळ्याबद्दल जळगावकडच्या माणसाला काय सांगायचं, पण बरेचजण घाबरतात म्हणून सांगते, नीट पिकलेलं केळं चालतं, कच्चट असेल तर नको.

जेवण झाल्यावर वीस-तीस मिनिटांनी आतडं आपोआप हलायला लागतं, तेव्हा पाच मिनिटं संडासात बसवायचं, रोज, त्याच वेळेला. सकाळी शाळेची घाई असते तर संध्याकाळच्या जेवणानंतर बसवा. भारतीय संडासात उकिडवं बसणं शीसाठी चांगलंच, पण लहान पोरांना त्या भांड्यात पाय घसरायची, आत पडायची खरीखुरी भीती वाटते, झुरळ दिसलं तर संपलंच. बाजूला धरायला काहीतरी द्या, दिवा लावा, दार उघडं ठेवा, तुम्ही बाहेर बोलत बसा. कमोड असेल तर पायाखाली स्टूल पाहिजेच, पाय लटकत असतील तर पोराला जोर पण लावता येत नाही आणि सैल पण सोडता येत नाही.

एवढं करून दोन आठवड्यांत फरक नाही तर डॉक्टर औषध देतात, पातळ सिरप किंवा पाण्यात कालवायची पावडर. ही औषधं बऱ्याचदा महिनोनमहिने द्यावी लागतात. पोट साफ झालं म्हणून आठव्या दिवशी आपल्या मनाने बंद केलं की सगळं परत पहिल्यासारखं होतं. सवय लागेल ही भीती मनात असेल तर ती डॉक्टरला विचारून घ्या, पण औषध मध्येच सोडू नका. एरंडेल, साबणाची वडी वगैरे घरगुती प्रकार नको, पोरगं एकदा दुखलं की अजून धरून ठेवायला लागतं.

तिसरी पायरी: पाणी तोडू नका

हे सगळीकडे होतं. चड्डी ओली करतो ना, मग पाणीच देऊ नका, शाळेत बाटलीच नको. आणि आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये पारा 44-45 ला जातो, भुसावळकडे तर त्याच्याही वर. अशा उन्हात पाणी तोडलं तर लघवी पिवळीजर्द आणि जहाल होते, ती पिशवीला टोचते, म्हणून उलट सारखी लागते, आणि शी पण कडक होते. म्हणजे दोन्हीकडून नुकसान.

चार ते आठ वर्षांच्या मुलाला दिवसाला साधारण 1 ते 1.4 लिटर पातळ पदार्थ लागतात, आपल्या उन्हाळ्यात त्याहून जास्त. ते दिवसभरात वाटून द्या, सकाळपासून दुपारपर्यंत जास्त, झोपायच्या आधीच्या तासाभरात कमी. संध्याकाळी घरी आल्यावर एकदम बाटली रिकामी करणं हे दिवसभर न प्यायल्याचं लक्षण. ताक, लिंबूपाणी चालतं. चहा मात्र बंद. आपल्या घरांमध्ये मोठ्यांच्या कपातून बशीत ओतून पोराला चहा द्यायची पद्धत आहे, टोस्ट बुडवून खातं म्हणून सगळ्यांना कौतुक, पण चहाने आणि काळ्या कोल्ड ड्रिंकने पिशवी चिडते.

चौथी पायरी: घड्याळ लावा, विचारू नका

"लागली का?" हा प्रश्नच बंद करा, उत्तर "नाही" असंच येणार. त्याऐवजी "चल, सूची वेळ झाली" एवढंच म्हणायचं आणि घेऊन जायचं, लागली असो नसो. दर दोन ते अडीच तासांनी. उठल्यावर, शाळेत निघताना, मधल्या सुट्टीत, घरी आल्यावर, खेळायला जाण्याआधी, जेवणाआधी, झोपताना, असं बसवलं की दिवसाला सहा-सात वेळा होतं आणि तेवढंच पाहिजे. दर अर्ध्या तासाला नेऊन बसवणं पण चूक, त्याने पिशवीला भरायची सवयच राहत नाही आणि पोरगं वैतागतं.

मोबाईलचा अलार्म लावा, त्याला पोराच्या आवडीचा आवाज ठेवा, म्हणजे आई नाही तर अलार्म बोलावतो असं होतं आणि रोजची भांडणं कमी होतात. खेळ मोडतो म्हणून रडत असेल तर खेळणं तिथेच तसंच ठेवायचं आणि भावंडांना सांगायचं की कोणी हात लावायचा नाही, डाव थांबलाय. डाव जाईल ही भीती गेली की बरीच पोरं उठतात.

पाचवी पायरी: बसायची पद्धत

मुलींमध्ये अर्ध्या केसेस इथेच सुटतील असं मला वाटतं. चड्डी गुडघ्यापर्यंतच खाली ओढलेली असते, त्यामुळे गुडघे जवळ राहतात, थोडी लघवी योनीत मागे जाते, आणि उभी राहून चालायला लागली की ती हळूच बाहेर येते. आई म्हणते आत्ता तर करून आली, आता कशी ओली झाली. उपाय साधा आहे, चड्डी पार घोट्यापर्यंत खाली किंवा काढूनच टाकायची, पाय फाकवून बसायचं, किंचित पुढे वाकायचं, झाल्यावर थोडं थांबून पुसायचं, पुढून मागे.

मुलांमध्ये घाई असते. चेन अर्धी उघडून उभ्या उभ्या अर्धी करून पळतात. पँट पूर्ण खाली घ्या, इलॅस्टिक खालून दाबत नाही ना बघा, आणि पळत असेल तर काही दिवस बसूनच करायला लावा.

दोघांनाही एक सवय लावायची. सू झाली की घाईने उठायचं नाही, वीसपर्यंत आकडे म्हणायचे आणि परत एकदा प्रयत्न करायचा. बऱ्याचदा अजून थोडी येते. कुंथायचं नाही, सैल सोडायचं, गाणं म्हणायला लावलं तर पोट आपोआप सैल पडतं. आणि मध्येच धार थांबवून परत सोडायचा व्यायाम कोणी सांगितला तर तो मुलांना करायला लावू नका, त्याने पूर्ण रिकामं करायची सवय अजून बिघडते.

कपडे सोपे हवेत. घट्ट जीन्स, बेल्ट, नाडीची गाठ, डांगरी हे सगळं काही महिने कपाटात.

सहावी पायरी: शाळा

शाळेचं मनावर घेतल्याशिवाय हे सुटत नाही, कारण दिवसाचे पाच-सहा तास तिथे जातात. आधी पोराला निवांत विचारा, शाळेतला संडास कसा आहे? कडी लागते का, पाणी असतं का, वास येतो का, मोठी मुलं त्रास देतात का. उन्हाळ्यात टाकीत पाणीच नाही म्हणून पोरं दिवसभर दाबून धरतात असं कित्येक गावांमध्ये होतं. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यात मुला-मुलींसाठी वेगळी स्वच्छतागृहं आणि पिण्याचं पाणी हे शाळेचे निकष म्हणून लिहिलेले आहेत, तेव्हा हे मागताना आपण उपकार मागतोय असं समजू नका, शाळा व्यवस्थापन समितीत विषय काढा.

मॅडमना किंवा सरांना भेटून तीनच गोष्टी सांगा. विचारलं की लगेच सोडा, मधल्या सुट्टीत आठवण करून पाठवा, आणि ओलं झालं तर वर्गासमोर बोलू नका. लाजाळू पोरासाठी मॅडमशी एक खूण ठरवून द्या, बाकावर अमुक रंगाची पेन्सिल उभी केली म्हणजे जायचंय, एवढं पुरतं. दप्तराच्या मागच्या कप्प्यात एक चड्डी, एक पँट, छोटा टॉवेल आणि एक प्लास्टिक पिशवी कायम. ती पिशवी काळी किंवा न दिसणारी घ्या, पोरांच्या नजरा फार तेज असतात.

ओलं झालं की काय बोलायचं

"ओलं झालं का, चल बदलू." एवढंच. आवाज साधा. कोमट पाण्याने धुवायचं, नीट कोरडं करायचं, खोबरेल तेल लावायचं, पावडर नको. ओली चड्डी बादलीत टाकायचं काम पोराने करावं, पण शिक्षा म्हणून नाही, जसं ताट उचलून ठेवतं तसं. मारणं, चटका द्यायची धमकी, धाकट्यासमोर लाजवणं, पाहुण्यांसमोर "बघा हा अजून मुततो" असं सांगून हसणं, याने एकही मूल कोरडं होत नाही, फक्त लपवायला शिकतं. मग ओल्या चड्ड्या गादीखाली सापडतात. घरातल्या मोठ्यांना हे आपण ठामपणे सांगायला पाहिजे, आप्पा असोत नाहीतर आत्या.

बक्षीस द्यायचं तर कोरडं राहिल्याबद्दल देऊ नका, ते त्याच्या हातात पूर्ण नाहीये. अलार्म वाजल्यावर उठून गेलं, शांत बसलं, वीसपर्यंत मोजलं, याला एक चांदणी द्या.

घरात नवीन बाळ आलंय, बदली झालीय, आईबापांची भांडणं चालू आहेत, आजोबा गेलेत, अशा वेळी पण हे सुरू होतं. तेव्हा घड्याळाबरोबर पोराला जवळ घेऊन बसायची वेळ पण वाढवा.

डॉक्टरकडे कधी

जळजळ, ताप, पोटात किंवा कमरेत दुखणं, लघवीत रक्त, फार घाण वास असेल तर त्याच दिवशी. खूप तहान, खूप लघवी, वजन उतरतंय, पोरगं सुस्त पडतंय असं असेल तर लगेच, थांबूच नका, ते मधुमेहाचं असू शकतं आणि रक्तातली साखर ताबडतोब बघावी लागते. मुलाची धार बारीक आहे, थेंब थेंब येते, जोर लावावा लागतो, किंवा मुलगी कधीच कोरडी नसते, किंवा चालण्यात फरक पडलाय, कमरेच्या खाली मणक्यावर खड्डा किंवा केसांचा पुंजका आहे, ही पण दाखवायची लक्षणं. बाकी सगळं करून दोन-तीन महिन्यांत काहीच सुधारणा नाही तरी दाखवा.

डॉक्टर बहुतेक आधी लघवीची साधी तपासणी आणि गरज लागली तर कल्चर (लघवीत कुठले जंतू आहेत ते बघायची तपासणी), मग सोनोग्राफी सांगतात, त्यात सू करण्याआधी आणि केल्यानंतर पिशवी किती भरलेली आहे ते बघतात. जाताना तीन दिवसांचं कॅलेंडर घेऊन जा, अर्धं काम तिथेच होतं. पैशांची अडचण असेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रापासून सुरुवात करा, पुढे जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्हीकडे सरकारी मेडिकल कॉलेज आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची टीम अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा तपासणीला येते, त्या दिवशी पोराला घरी ठेवू नका आणि सेविकेला आधीच सांगून ठेवा.

आणि एक अवघड गोष्ट, पण लिहायलाच पाहिजे. चांगलं कोरडं राहणारं मूल एकदम ओलं करायला लागलं, ठराविक माणसाजवळ जायला घाबरतं, तिथे दुखतं म्हणतं, कपडे काढू देत नाही, तर त्याला ओरडू नका, शांतपणे ऐकून घ्या आणि डॉक्टरला दाखवा. 1098 हा मुलांसाठीचा हेल्पलाइन नंबर आहे, तिथे फोन करता येतो.

रात्रीचं आत्ता नको

दिवसाचं आणि रात्रीचं एकदम हातात घेऊ नका. रात्री अंथरूण ओलं होणं सात वर्षांपर्यंतसुद्धा पुष्कळ मुलांमध्ये असतं, आईबापांपैकी कोणाला लहानपणी होतं तर जास्तच, आणि ते झोपेत होतं म्हणून त्यावर पोराचा काहीच ताबा नसतो. गादीवर रबरी कापड टाका, त्यावर जुनं सुती लुगडं, झोपताना एकदा सू, आणि बाकी दिवसाचं घड्याळ आणि पोट नीट बसेपर्यंत तो विषय बाजूला ठेवा. दिवसाचं बसल्यावर काहींचं रात्रीचं पण आपोआप कमी होतं, ज्यांचं होत नाही त्यांच्यासाठी वेगळे उपाय आहेत, ते मग डॉक्टरशी बोलून ठरवा.